दुसरी रिंग

ही घडलेली गोष्ट आहे. पटवून घ्यायची की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. रूपा खरात हिनं जेवढं पाहिलं, ऐकलं आणि मोजलं, तेवढंच इथं लिहिलं आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मार्चमधल्या लख्ख उजेडातली आहे. छत्रपती संभाजीनगर, सिडको, दोन खोल्यांचं घर, पहिला मजला.

टेबलावर तेव्हा सहा वस्तू होत्या. नवा राउटर. त्याचा अडॅप्टर. बटणांचा जुना लँडलाइन फोन. फोनची करडी वायर. एक स्क्रू-ड्रायव्हर. आणि फायबर जोडायला आलेल्या अभयसाठी केलेला चहा, ज्यावर साय धरली होती. रूपा नुकतीच एम.एस्सी. फिजिक्स झाली होती. कामाला हात लावण्याआधी समोर काय काय आहे ते मोजायची तिची सवय.

"ताई, फोन इथं राउटरपाशीच ठेवा," अभय म्हणाला. "मागं फोनचं भोक आहे, त्यात वायर घातली की झालं."

"फोन सैपाकघरातनं हलायचा नाय," रूपाची आई, सरिताबाई, आतून ओरडली.

"मावशी, आता डिजिटल झालं. कुठंबी वाजतो."

"मग तिथंच वाजू दे की!"

अभय हसला. रूपानं मधला मार्ग काढला. हॉलच्या भिंतीत जुन्या लाइनची डबी होती आणि तिथून वायर भिंतीतून सैपाकघरापर्यंत गेलेली होती. राउटरची वायर त्या डबीला जोडली, की फोन आपल्या जागेवरच चालणार.

"बाहेरून खांबावरून येणारी तार आधी सोडवायला लागेल ना?" तिनं विचारलं.

"कशाला? खांबावरचं तांबं चोरांनी पावसाळ्यातच पळवलं. तुमची तार गॅलरीबाहेर वीतभर लोंबतीय नुसती. तिच्यावर कोण फोन करणार?"

रूपानं ती तार तशीच राहू दिली.

फोन सुरू झाला. पावसाळ्यापासून मुका पडलेला फोन. आईनं रिसीव्हर कानाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"नंबर तोच हाय ना गं?"

"तोच आहे."

या नंबरसाठीच तर सगळा खटाटोप होता. रूपाचे वडील साहेबराव एसटीत ड्रायव्हर होते, अजिंठ्याच्या गाडीवर. त्यांची घरात एक पद्धत होती. अजिंठ्याहून गाडी सुटताना फोन करायचा आणि एक रिंग वाजली की कट करायचा. एक रिंग म्हणजे 'निघालो'. इथल्या स्टँडवर उतरलं की दोन रिंग. दोन म्हणजे 'पोहोचलो'. मग आई तवा ठेवायची. फोन उचलायचा नाही, हा नियम. उचलला की पैसे पडतात.

रूपा चौथीत असताना एका दुपारी एक रिंग वाजली.

दुसरा फोन आलाच नाही.

फुलंब्रीच्या अलीकडं गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. हँडब्रेक ओढलेला. प्रवाशांना खरचटलंसुद्धा नव्हतं. साहेबरावांचं डोकं मात्र स्टिअरिंगवर होतं.

राउटर लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी, फोन वाजला.

एकदा.

आणि कट झाला...

आईचे हात कणकेतच थांबले. चेहऱ्यावर भीती नव्हती. रूपाला तेच खटकलं.

"निघाले," आई म्हणाली.

"आई, राँग नंबर असेल."

"व्हय, असंल." आणि तिनं कणकेत आणखी एक मूठ पीठ घातलं.

रूपानं राउटरचं पान उघडलं. आलेले आणि गेलेले सगळे कॉल तिथं दिसतात.

पान कोरं होतं.

पुढच्या दुपारी पुन्हा एक रिंग. पान कोरं. त्याच्या पुढच्या दुपारीही तेच. मग चौथ्या दुपारी रूपानं राउटरच बंद केला. प्लगसुद्धा काढून हातात घेतला. हिरवे दिवे विझले. आता या फोनला कुठूनच काही येऊ शकत नव्हतं.

ती प्लग हातात धरून उभी असतानाच...

सैपाकघरात फोन वाजला. एकदा.

तिला भीती वाटली, पण खरी काळजी वेगळीच होती. आईच्या छातीत महिनाभर दुखत होतं. अँजिओग्राफी याच आठवड्यात करा, उशीर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आता आई घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती.

"ते निघालेत आणि मी दवाखान्यात जाऊन झोपू?"

"आई, पप्पांना जाऊन किती वर्षं झाली!"

"मला नको शिकवू. दोन रिंगा वाजू दे, मग मी माझ्या पायांनी रिक्षात बसते. पोहोचले एवढं कळू दे. तोवर नाय म्हंजे नाय."

शनिवारी दुपारची रिंग नेहमीसारखी येऊन गेली. संध्याकाळी आई बुद्धमूर्तीसमोर वंदनेला बसली होती. ऊन अजून गॅलरीत होतं. आणि फोन पुन्हा वाजला.

या वेळेला तो कधीच वाजत नसे.

रूपा फोनपाशीच होती. पहिली रिंग संपतच होती. तिनं रिसीव्हर उचलला.

"हॅलो?"

आधी काहीच नाही... मग लांबून घरघर. डिझेलचं इंजिन, जागेवर धडधडणारं. सैल काच खडखडत होती. आणि अगदी जवळ, कानाला लागून, कुणीतरी श्वास आत घेतला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा.

पण बोललं कुणी नाही.

"ठेव! ठेव खाली!" आईनं रिसीव्हर हिसकावून आपटला. "काय केलंस हे?"

"कोण आहे ते बघत होते..."

"एकीवरच उचललास! अगं, निघायची रिंग दुपारी होऊन गेली होती. ही पोहोचल्याची होती. दुसरी वाजणार होती!" आई भिंतीला टेकून खाली बसली. तिला धाप लागली होती. "तू एकीवरच तोडलीस. एक म्हंजे काय? सांग ना, एक म्हंजे काय?"

रूपाला ते माहीत होतं.

"आता त्यांना पुन्हा तिथनंच निघावं लागंल," आई म्हणाली. मग पदर तोंडावर घेऊन रडली. साहेबरावांच्या वेळीही ती इतकी रडली नव्हती, असं रूपाला वाटलं.

त्या रात्री आईच्या छातीत दोनदा कळ आली. तरी ती दवाखान्यात यायला तयार झाली नाही.

रविवारी सकाळी रूपानं भिंतीतली डबी उघडली आणि बाहेरून येणाऱ्या तारेतल्या दोन्ही बारीक तारा सोडवल्या. आता फोनला फक्त राउटर होता. तार एकीकडं गॅलरीबाहेर लोंबत होती, दुसरीकडं रूपाच्या हातात होती. मध्ये काही नाही, टोकांना काही नाही. आईला तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. फोन वाजायचा बंद झाला, की दोन दिवसांत आई ऐकेल, असा तिचा हिशेब होता.

दुपार गेली. फोन वाजला नाही.

संध्याकाळी आई चांगलं लुगडं नेसून, पायात चपला घालून, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन फोनसमोर बसली. ओठ निळसर दिसत होते.

"कालची एक म्हंजे निघालेच हायत. दोन वाजल्या की लगेच निघू," ती म्हणाली. "रिक्षावाल्याला थांबायला सांग."

रूपा हॉलमध्ये आली. सोडवलेल्या तारेला मल्टिमीटर लावून बघावा, असं तिला का वाटलं, ते तिला आजही सांगता येत नाही. फोनची घंटी वाजवायला तारेतून साधारण पाऊणशे व्होल्ट यावे लागतात. तुटलेल्या तारेत ते कुठून येणार? तिनं मीटरच्या दोन पिना त्या दोन बारीक तारांना लावल्या.

शून्य.

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. तो मध्येच गप्प झाला...

आकडा हलला.

सैपाकघरात फोन शांत होता. तिथून आईचा आवाज आला, दमलेला.

"रूपा... वाजला का गं?"

मीटरवर ७४ व्होल्ट. मग शून्य. मग पुन्हा ७४ व्होल्ट. मग शून्य.

त्यानंतर शून्यच.