पृष्ठ २११ ते २४८

आमच्या विद्यापीठ प्रकाशनात पुस्तक कसं निवडतात हे सांगितलं की लोक हसतात. हस्तलिखित आलं की मी चाळतो. बरं वाटलं तर दोन परीक्षकांकडे पाठवतो. परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही आणि परीक्षकांना एकमेकांचा पत्ता नसतो. अहवाल आले की मी एक पानाची टिपणी लिहितो आणि सगळं मंडळापुढे ठेवतो. मंडळावर नऊ विद्वान आहेत. त्यातला एकही पुस्तक वाचत नाही. अहवाल वाचतात, माझी टिपणी वाचतात, चहा पितात आणि निर्णय देतात. सव्वीस वर्षं मी हे करतोय, आजवर काही बिघडलं नव्हतं.

हे पुस्तक होतं हरवलेल्या माणसांच्या घरच्यांवर. लेखिका समाजशास्त्राची, तिशीतली, नोकरी तात्पुरती. पुस्तक आलं तरच ती कायम होणार होती. सहा कुटुंबं, सहा प्रकरणं, दोनशे दहा पानं. प्रत्येक घरातलं एक माणूस एके दिवशी बाहेर पडलेलं आणि परत न आलेलं. मागे राहिलेल्यांकडे ही बाई महिनोन् महिने जाऊन बसली होती. पहिली दोन प्रकरणं मी नीट वाचली, बाकीची नुसती उलटली. खोटं कशाला बोलू, सगळेच संपादक असं करतात.

एरवी परीक्षकांच्या मागे लागून लागून जीव मेटाकुटीला येतो. या वेळी दोन्ही अहवाल एकाच आठवड्यात आले. दोघांनीही सातव्या प्रकरणाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. मंडळाची बैठक त्याच दुपारी होती आणि मी घाईत होतो. टिपणीत लिहून टाकलं, ‘सातवे प्रकरण हा या ग्रंथाचा गाभा आहे.’ पुस्तक एकमताने मंजूर झालं. अध्यक्षांनी एकच अट घातली, सातव्या प्रकरणातली एक ओळही कापायची नाही.

महिन्याभराने आमच्या मुद्रितशोधक बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. ऑफिसात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा.

“सर, सातवं प्रकरण कुठाय?”

“फाइलमध्ये बघा की.”

“फाइलमध्ये सहाच आहेत. दोनशे दहाव्या पानावर खेळ खलास.”

मी स्वतः मोजली. सहाच होती. लेखिकेला फोन लावला तर ती रडकुंडीला आली. “सर, मी सहाच कुटुंबांना भेटलेय. सातवं कुठून आणू? आता मंजुरी रद्द होणार का?” ती खोटं बोलत नव्हती. इतक्या वर्षांत लेखकांच्या थापा मला फोनवरूनही ओळखू येतात.

मग मी दार लोटून घेतलं आणि दोन्ही अहवाल पहिल्यांदा नीट वाचले. पहिला गुळमुळीत होता. दुसऱ्यात पानांचे आकडे होते.

‘पृ. २११ : सतरा वर्षांच्या मुलीचे जाणे एका परिच्छेदात आटोपले आहे, ते योग्यच. पृ. २१४ : स्वयंपाकघराचे वर्णन उत्कृष्ट. फ्रिजच्या डाव्या अंगाला मुलीच्या उंचीच्या खुणा आहेत. तेराव्या वर्षाची खूण तिरकी आहे, कारण ती हसत होती. पृ. २२० : वडील ग्रंथव्यवसायातले असूनही त्यांना शब्द सापडत नाहीत, हा भाग हृद्य. पृ. २३१ : वडिलांची चूक लेखिकेने कमालीच्या संयमाने मांडली आहे. पृ. २४८ : शेवट तसाच ठेवावा.’

माझ्या मुलीला आम्ही खारू म्हणतो. एका जागी बसत नाही म्हणून. ती सतरा वर्षांची आहे.

संध्याकाळी घरी आलो आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात गेलो. खुणा होत्या. त्या मीच पेन्सिलीने केल्या आहेत, दर वाढदिवसाला. तेराव्या वर्षी ती खळखळून हसत होती, काही केल्या स्थिर उभी राहीना, आणि माझा हात घसरला होता.

“अहो, फ्रिजकडे काय बघत बसलाय?” बायको म्हणाली.

“काही नाही.”

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. अशा खुणा हजार घरांत असतील, असं मी स्वतःला बजावलं. तिरक्यासुद्धा असतील. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. नियम धाब्यावर बसवून परीक्षकाच्या घरी गेलो.

त्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. आमच्या ऑफिसपासून चार बसथांबे. दार उघडून त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं. “तुम्ही इथे यायला नको होतं.”

“सातवं प्रकरण तुमच्याकडे आहे का? एवढंच सांगा.”

“सगळं बाड तुम्हालाच परत पाठवलं की. पोच आहे माझ्याकडे.” पोच खरंच होती, माझ्याच सहीची. “दोनदा वाचलं मी ते. दुसऱ्यांदा वाचताना रडले.”

“त्यात बापाची चूक काय होती?”

त्यांनी पोच घडी घालून ठेवून दिली. “आठवत नाही हो. साधीच गोष्ट होती. कुणाही बापाने केली असती. वाचताना वाटलं, अरे अरे, एवढं नसतं केलं तर...”

“आठवून बघा. पाया पडतो तुमच्या.”

“नाही येत आठवत.” मग त्यांनी एकदम विचारलं, “तुम्हाला मुलगी आहे का?”

मी नाही म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

तिथून थेट अध्यक्षांकडे गेलो. पुस्तक रद्द करा म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “गाभा म्हणून कुणी लिहिलंय? तुम्हीच ना? आता म्हणता गाभाच नाही? दोन परीक्षकांनी वाचलंय, मंडळाने मंजूर केलंय. बाईंना मुदत द्या आणि प्रकरण आणा.” लेखिकेला चार महिन्यांची मुदत मिळाली. माझ्याच हातचं पत्र गेलं तिला.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? चूक होणार आहे एवढं ठाऊक, कुठली ते ठाऊक नाही. खारूला ओरडलो तर ती चूक असेल. लाड केले तर तीही असेल. मी तिला कॉलेजात सोडायला जाऊ लागलो, क्लासला सोडायला जाऊ लागलो, क्लास सुटेपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभा राहू लागलो. रजा संपल्या, मग बिनपगारी घेतल्या. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. घरी मी कुणालाच काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार, की दोन कागदांवर असं असं लिहून आलंय?

“तिचा जीव नकोसा करून टाकलाय तुम्ही,” बायको म्हणायची.

खारू आधी थट्टा करायची, मला हवालदार म्हणायची. मग चिडायला लागली. मग बोलेनाशी झाली. जेवणाचं ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. आतून कडी लागल्याचा आवाज आला की मी दाराबाहेर जाऊन उभा राहायचो. माझी पोर मला घाबरत होती, आणि मी तिच्यासाठी घाबरत होतो, आणि दोघांच्या मध्ये ते एक पान होतं, २३१.

त्या बुधवारी पावणेचारला आम्ही क्लासला निघालो. ती पुढे, मी दहा पावलं मागे. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ती थांबली आणि वळली. किती दिवसांनी माझ्याशी नीट बोलली.

“बाबा, आज नको ना. मैत्रिणी हसतात मला. एकदाच.”

तिथून क्लासचं दार दिसतं. मोजून दोनशे पावलं.

मी उभा राहिलो. मनात आलं, हीच असेल चूक. हे असं मागे मागे फिरणं. हिला घर नकोसं होईल आणि ते माझ्यामुळे होईल.

“बरं, जा,” मी म्हणालो.

ती हसली. मी घराकडे वळलो.

ती क्लासला पोचलीच नाही.

पोलिस झाले, फोटो लावून झाले, मैत्रिणी झाल्या. औषधवाल्याने तिला जाताना पाहिलं होतं. क्लासच्या दारातल्या माणसाने पाहिलं नव्हतं. त्या दोनशे पावलांत एक झेरॉक्सचं दुकान आहे, एक बंद शटर आणि एक दवाखाना. तिन्ही ठिकाणी मी इतक्यांदा गेलो की आता ते लोक मला बघून मान खाली घालतात.

सहाव्या आठवड्यात लेखिकेचा फोन आला. मुदत संपत आली होती. तिला धड बोलता येईना. “सर, तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. विचारतेय याचीच लाज वाटतेय.”

मी हो म्हणालो. पुस्तक ग्रंथालयांत जातं, दूरदूर जातं. कुठेतरी कुणीतरी वाचेल आणि म्हणेल, या मुलीला मी पाहिलंय. बुडत्या माणसाला आणखी काय सुचणार?

ती रविवारी दुपारी आली. बायको आतल्या खोलीत जाऊन बसली. लेखिका आमच्या घरी यापूर्वी कधी आली नव्हती. टेबलाशी दोन खुर्च्या आहेत, एकीचा पाय ढिला आहे, नुसतं बघून कळत नाही. तिने न विचारता दुसरी घेतली. उकडत होतं. तिने मागे न बघता पडद्याआड हात घातला आणि पंखा लावला.

मी सगळं सांगितलं. शब्द सापडत नव्हते. थांबत, अडखळत, कोपऱ्यापर्यंत आलो. ‘बरं, जा’पर्यंत.

तिच्यापुढे वही उघडी होती. पेनाचं टोपण तिने काढलंच नव्हतं.

“लिहीत का नाही तुम्ही?”

ती ओशाळली. वही तिने माझ्याकडे फिरवली. पानं भरलेली होती, तिच्या बारीक अक्षरात. माझंच बोलणं होतं. जिथे थांबलो तिथे तीन टिंबं होती. शाई फिकी पडली होती.

“हे मागे झालंय ना आपलं बोलून,” ती हळूच म्हणाली.

मी पान उलटायला गेलो. तिने त्यावर हात ठेवला.

“मग पुढचंही असेल यात,” मी म्हणालो. “ती येते का? एवढंच सांगा. येते का ती परत?”

तिने वही मिटली. माझ्याकडे न बघता, अगदी मायेने म्हणाली,

“हे तुम्ही दर वेळी विचारता, सर.”