उघडं राहिलेलं फाटक

संगणकाच्या पडद्यावर आपल्याच घराण्याचं नाव वाचलं आणि नूला गिलहूलीच्या हातातला चहाचा कप अर्ध्यावरच थांबला. चुलीत पीटची, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची ढेपळं धुमसत होती, खिडकीबाहेर दुपारचं मळकट ऊन टेकडीवर पसरलं होतं, सगळं रोजच्यासारखंच होतं... आणि तरी तिच्या काळजात जुनी, खपली धरलेली जखम कुणीतरी नखाने उकरल्यासारखं झालं.

आयर्लंडमधल्या लेट्रिमच्या त्या आडगावात एकटी राहणारी नूला गेली काही वर्षं इंटरनेटवरच्या एका गटात स्वयंसेवक होती. देशोदेशी पांगलेली आयरिश माणसं गटावर आपल्या पूर्वजांची चौकशी करत, आणि मेलबर्न, ग्लासगो, बॉस्टन इथली मंडळी फुकटात त्यांचा शोध घेत. आसपासच्या दफनभूमींमधले दगड घासूनपुसून त्यांवरची नावं टिपण्याचं काम नूलाकडे होतं. ती स्वतःच्या नावानेच लिहायची. तिची जोडी जमली होती ती कॅनडात राहणाऱ्या, 'टिटवी' हे टोपणनाव घेतलेल्या एका माणसाशी. तिने नाव टिपावं आणि त्याने त्या घरातून परदेशी गेलेल्यांची जहाजं, बायकामुलं शोधून काढावीत. किती परक्या कुटुंबांची ताटातूट त्या दोघांनी मिटवली होती! स्वतःच्या घराबद्दल मात्र दोघंही कधी बोलली नव्हती.

आज चौकशी आली होती न्यूझीलंडहून, एमर नावाच्या बाईची. "माझे वडील ओवेन मॅकगव्हर्न लेट्रिमचे. त्यांचा धाकटा भाऊ कोर्मॅक तरुणपणीच अपघातात गेला. वडील त्याविषयी एक अक्षर बोलत नाहीत. आता ते फार थकलेत. काय झालं होतं, कुणी सांगेल का?"

खाली शेजारच्या स्लायगोच्या कुणीतरी लिहिलं होतं, "माझी आजी सांगायची की गिलहूलींच्या पोरीने कुरणाचं फाटक उघडं टाकलं. अंधारात गुरं रस्त्यावर आली आणि त्याची मोटरसायकल त्यांच्यावर आदळली."

गिलहूलींची पोर... नूलाने डोळे मिटून घेतले.

फाटक तिने उघडं टाकलं नव्हतं. ते टाकलं होतं तिच्या भावाने, सतरा वर्षांच्या फिंटनने. नाचाला जायच्या घाईत तो कडी घालायला विसरला. त्या रात्री तो गोठ्यात गुडघ्यांत डोकं घालून थरथरत बसला होता, आणि आई नूलाचा हात धरून म्हणाली होती, "पोर कोवळं आहे गं. बाप त्याला जिता ठेवणार नाही, आणि बापाने ठेवला तरी तो स्वतःच नाही राहायचा. तू धीराची आहेस. ओवेनचा तुझ्यावर जीव आहे, तो समजून घेईल."

नूलाने आईच्या पदरात आपलं आयुष्य टाकलं. पोलिसांना, पाद्र्यांना, साऱ्या गावाला तिने सांगितलं, फाटक मी उघडं टाकलं. पण ओवेन, ज्याच्याशी उन्हाळ्यात तिचं लग्न व्हायचं होतं, त्याने समजून घेतलं नाही. कसं घेणार होता? त्याचा सख्खा भाऊ गेला होता. तिने परत केलेली अंगठी त्याने मुकाट्याने खिशात टाकली आणि तो देश सोडून गेला. पाठोपाठ फिंटनही गेला. बहिणीकडे बघण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याचं पत्र नाही, निरोप नाही. आईबापांचं म्हातारपण, त्यांची आजारपणं, त्यांची मयतं, सगळं नूलाने एकटीने निस्तरलं.

आता ती काहीच न लिहिता गप्प बसू शकत होती. पण समुद्रापार एक मुलगी वाट बघत होती, आणि मेलेली आई वचनातून मोकळं करायला येणार नव्हती. नूलाने लिहिलं, "ती गिलहूलींची पोर मीच. फाटक माझ्याच हातून उघडं राहिलं. कोर्मॅकची कबर मी दर वर्षी साफ करते. तुमच्या वडिलांना सांगा, मला अजून फार वाईट वाटतं."

ती उठली, कोंबड्यांना दाणे टाकून आली, भांडी विसळली. परत येऊन बसली तेव्हा खाली टिटवीचं उत्तर होतं.

"नूला खोटं बोलतेय. तेव्हाही ती खोटंच बोलली होती, माझ्यासाठी. फाटक मी उघडं टाकलं. मी तिचा भाऊ, फिंटन गिलहूली. ती या गटात नावानिशी लिहिताना दिसली, म्हणून मी इथे आलो. इतकी वर्षं रोज तिच्याशी बोललो, आणि मी कोण हे सांगायची हिंमत झाली नाही. एमर, तुमच्या काकाचा गुन्हेगार मी आहे. आणि तुमच्या वडिलांचाही."

नूला तोंडावर हात दाबून रडली... आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. ते रडणं नुसतं सुखाचं नव्हतं, त्यात संतापही होता. रोज बोलत होता, आणि बोलला नाही!

चार दिवसांनी एमरचा फोन आला. "नूलाबाई, मी वडिलांना सगळं वाचून दाखवलं. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. जमेल तुम्हाला?"

नूला हो म्हणाली आणि एमरने फोन वडिलांकडे दिला. ओवेनचा म्हातारा, चिरका आवाज आला. "मी एकदा तरी विचारायला हवं होतं, नूला. खरंच तू टाकलंस का, एवढंच."

"विचारलं असतंस तर मी खोटंच सांगितलं असतं, ओवेन."

"माहीत आहे. तरी विचारायला हवं होतं. तू सुखी होतीस का?"

"होते अधूनमधून. तू?"

"बायको चांगली मिळाली. पोरी चांगल्या निघाल्या. पण गावाचं नाव कुणी काढलं की मी उठून बाहेर जायचो. आता नाही जाणार."

फिंटन आला तो महिनाअखेरीस, स्लायगोहून टॅक्सी करून. टक्कल पडलेला, वाकलेला माणूस अंगणात बॅग धरून उभा राहिला. पाय पुढे टाकेना. नूला दाराच्या चौकटीत उभी होती. हातांना पीठ लागलेलं, कारण सकाळपासून तिने बॉक्स्टीसाठी, त्या बटाट्याच्या धिरड्यांसाठी, बटाटे किसून पिठात कालवून ठेवले होते, आणि मनाशी नको म्हणत म्हणत ठेवले होते.

"मी वाटेत कोर्मॅकच्या कबरीवर जाऊन आलो," तो खाली मान घालून म्हणाला. "तिथे बोलता आलं. इथे काय बोलू कळत नाही. मी तुझं सगळं खाल्लं, नूला. तुझं लग्न, तुझं घर, तुझं नाव..."

"हो, खाल्लंस," ती म्हणाली. "आईच्या मयताला मी दाराकडे बघत होते. तू येशील म्हणून."

तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. नूला त्याच्याजवळ गेली नाही. तिने त्याला मनसोक्त रडू दिलं. मग पायऱ्या उतरून खाली आली आणि त्याच्या हातातली बॅग काढून घेतली.

"मला तुझा राग आहे, फिंटन. तो काही आज जाणार नाही, आणि तो जाईपर्यंत तू परतही जायचं नाहीस. कळलं?"

त्याने मान हलवली.

"मग चल आत. तवा तापलाय."