मनूच्या पत्त्यावर

“चोर माझ्या भावाच्या घरातच आहे,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “कोण आहे तेही मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या.”

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत खासगी तपासाचं ऑफिस होतं. तपास करणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, त्यांना तशी हाक मारत आणि भाऊजी कायम त्यांच्याबरोबर असत. गाडी चालवायची, टिपणं काढायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, ही त्यांची कामं. तिन्ही ते मन लावून करत.

“चोरीला काय गेलंय?” वहिनींनी विचारलं.

“माझी पत्रं. म्हणजे ईमेल.”

बाईंचा धाकटा भाऊ मनू समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या जहाजावर होता. आई गेली तेव्हा तो भर समुद्रात. परतला तेव्हा बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. नंतर त्याचा मेल आला, ‘ताई, तू लिहीपर्यंत मी तोंड दाखवणार नाही.’

राग उतरायला वर्ष गेलं. मधल्या काळात घरचा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून बाईंनी मोबाइल घेतला आणि त्यावरून लिहिलं, ‘अरे, ये आता.’ उत्तर आलं नाही. तरी त्या दर रविवारी लिहीत राहिल्या, वर्षामागून वर्षं. आईचं शिलाई मशीन कोणाला दिलं, गच्चीवरची टाकी कशी फुटली, लहानपणी तो काय काय खोड्या करायचा, त्याचे कपडे अजून कपाटात कसे तसेच आहेत.

“एकदाच उत्तर आलं. हे बघा.”

बाईंनी छापलेला कागद पुढे केला. वर मनूचा पत्ता होता आणि खाली ओळ, ‘वाचतो आहे. कृपा करून लिहायचं थांबू नका.’

“थांबू नका?” भाऊजींच्या भुवया वर गेल्या. “सख्ख्या बहिणीला?”

“राग गेला नसेल अजून,” बाई खाली बघत म्हणाल्या. “म्हणून परक्यासारखं लिहितो.”

वहिनी कागद खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. भाऊजींनीही मान लांब करून पाहिलं. कॅपिटल एमनं सुरू होणारा पत्ता आणि एक ओळ. त्यात इतकं बघण्यासारखं काय होतं, ते त्यांना कळेना.

“पत्ता लिहिताना चूक होत नाही ना?”

“पाठ आहे मला. दरवेळी स्वतः टाइप करते.” बाईंनी तिथेच टाइप करून मोबाइल पुढे केला. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

“संशय कोणावर?”

“त्याच्या बायकोवर. पासवर्ड तिच्याकडे असतो. माझा फोनही उचलत नाही ती.”

मनूची बायको एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला होती. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यातच भेटली.

“नाही उचलत फोन,” ती फटकन म्हणाली. “त्याला दारातून हाकललं तेव्हा मी खाली उभी होते. विसरता येत नाही मला ते. पण मेल?” तिचा आवाज उतरला. “जहाजावर नेटचा भरवसा नाही, म्हणून त्याचे मेल मी बघते. फोन लागला की पहिला प्रश्न, ताईचं काही आलं का? नाही म्हटलं की मग उगाच हवेबद्दल बोलतो. ते ‘नाही’ म्हणायला मला काय बरं वाटतं?”

तिनं स्वतःहून मोबाइल उघडून दाखवला. ताईंचे जुने मेल जपून ठेवले होते. भांडणानंतर एकही नव्हता.

“पुसले असणार हिनं,” खाली येताच भाऊजी म्हणाले.

“मग जुने कशाला ठेवले, भाऊजी?”

भाऊजींनी गाडी सुरू केली. काही सुचलं नाही की ते गाडी सुरू करत.

संस्था बंदराला लागून होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कोणाकडे काम आहे ते विचारलं.

“मनूच्या संदर्भात आलोय,” भाऊजी म्हणाले.

“कोणता मनू? समुद्रातला का नकाशातला?”

“समुद्रातला.”

वहिनी मात्र पहारेकऱ्याकडे वळून हसल्या. “नकाशातले नंतर आले असतील ना?”

“हो ना. पण आले ते इथेच मुरले.”

सर्व्हर सांभाळणारा माणूस चहाचा कप घेऊन घोंघावणाऱ्या कपाटांमध्ये बसला होता. चोरीचा आरोप ऐकून त्यानं कप खाली ठेवला.

“इथून काही गहाळ होत नाही. सर्व्हर म्हातारा आहे, मी यायच्या आधीपासूनचा, पण इमानदार आहे.”

“नसलेल्या पत्त्यावर कोणी लिहिलं तर?”

“ताबडतोब परत जातं.”

“मनूला आत्ता एक मेल पाठवून बघा.”

त्यानं पत्ता टाइप केला, सगळी अक्षरं लहान. वहिनींनी मनूच्या बायकोला फोन लावला. मेल पोचला होता.

“बघा!” तो विजयानं म्हणाला.

“बघितलं,” वहिनी म्हणाल्या. “आता नकाशाच्या खोलीत जाऊ.”

तिथे एक पन्नाशीचा माणूस समुद्रतळाच्या नकाशावर वाकून रेघ ओढत होता. मान न उचलता म्हणाला, “मनू फार दूर आहे सध्या. आमची ओळख नावापुरतीच.”

“तुम्हाला मेल येतात का कोणाचे?”

“मला कोण लिहिणार?”

निघताना त्यानं हळूच विचारलं, “बाईंच्या गच्चीवर नवी टाकी बसली का हो?”

“बसली असेल,” भाऊजी घाईघाईनं म्हणाले. वहिनी दारात क्षणभर थांबल्या आणि मग बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना नकाशाच्याच खोलीत जमवलं. नणंद-भावजय दोन टोकांना बसल्या.

“चोरी झालेलीच नाही,” वहिनी म्हणाल्या. “बाई, तुमचा एकही मेल परत आला नाही. म्हणजे प्रत्येक मेल कोणाच्या तरी पेटीत पडत होता. कॉम्प्युटरवरून लिहायचात तेव्हा मनूला मिळायचं. मोबाइल आल्यापासून मिळेनासं झालं. पत्ता तोच, मग बदललं काय?”

त्यांनी छापलेला कागद टेबलावर ठेवला.

“हे पहिलं अक्षर. मोबाइलला खोड असते, ओळीचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करायची. आपण मराठी माणसं, आपल्या अक्षरांत लहान-मोठं काही नसतं, डोळ्याला खुपतही नाही. तुम्ही माझ्यासमोर टाइप केलंत, तेव्हाही ते कॅपिटलच होतं.”

“पण त्यानं काही फरक पडत नाही!” सर्व्हरवाला उसळला.

“ॲटच्या नंतर संस्थेचं नाव येतं, त्यात कुठेच पडत नाही. ॲटच्या आधी माणसाचं नाव येतं, त्यात फरक करायचा की नाही, हे ज्याचा त्याचा सर्व्हर ठरवतो. बहुतेक करत नाहीत, म्हणून तुम्हीही धरून चाललात. हा म्हातारा सर्व्हर करतो. दुसरा मनू नोकरीला आला, तेव्हा तुमच्या आधीच्या माणसानं सोपा मार्ग काढला. एक मनू लहान अक्षराचा, दुसरा मोठ्या. काल तुम्ही लहान अक्षरानं पाठवलंत, म्हणून समुद्रातल्या मनूला पोचलं.”

सगळ्यांच्या नजरा नकाशेवाल्याकडे वळल्या.

“‘थांबू नका’ असं भाऊ लिहीत नाही. परका माणूस लिहितो. आणि टाकी फुटल्याचं बाईंनी फक्त मनूला कळवलं होतं.”

नकाशेवाल्यानं पेन खाली ठेवलं. “पहिलाच मेल परत पाठवायला हवा होता,” तो म्हणाला. “पण सुरुवातीलाच ‘अरे’ होतं. मला अरे म्हणणारं आता कोणी राहिलं नाही. वाटलं, एक रविवार अजून. मग पुढचा. तुमच्या घरातल्या पायऱ्यासुद्धा पाठ झाल्यात मला.”

“आणि माझा भाऊ तिकडे वाट बघत होता!” बाई ओरडल्या. “तुम्हाला कळत होतं ते!”

“कळत होतं,” तो म्हणाला.

मग मनूची बायको उठली, खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसली आणि आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला. “ताई, इथूनच लिहा. लगेच मिळेल त्याला.”

सर्व्हरवाल्यानं त्याच दुपारी सगळे रविवार खऱ्या मालकाच्या पेटीत पाठवले. जहाज परतीच्या वाटेवरच होतं. रात्र व्हायच्या आत उत्तर आलं, ‘ताई, सगळं वाचलं. परत वाचतोय. सोमवारी धक्क्यावर ये.’

सोमवारी भाऊजींनी सगळ्यांना बंदरावर नेलं. नकाशेवाला लांब, गोदामाच्या सावलीत उभा होता. ज्या मुलाच्या खोड्या त्यानं इतके रविवार वाचल्या, तो दिसतो कसा, एवढंच त्याला बघायचं होतं. भाऊजींनी त्याला खुणेनं बोलावलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तिथेच थांबला.

शिडी लागली. माणसं उतरू लागली. बाई टाचा उंचावून प्रत्येक चेहरा निरखत होत्या. एक दाढीवाला, केस पिकलेला, किंचित पोक काढून चालणारा माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. तरी बाई त्याच्या खांद्यावरून जहाजाकडेच बघत होत्या.

“अहो, जरा बाजूला व्हा ना,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ यायचाय.”

तो हलला नाही. नुसता उभा राहिला, त्यांना ओळख पटेपर्यंत.