हत्ती, चार उंदीर आणि न डुगडुगणारं टेबल

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावा! एका पुठ्ठ्याच्या उंदराने अख्खा कारखाना टेबलावर चढवला, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि ती शोधाशोध थांबवा आधी! कुणाच्या वहीचं पुठ्ठं हरवलंय ते गोष्ट संपल्यावर बघू. खुर्चीभोवती घिरट्या घातल्या की माझी तंद्री मोडते.

तर, सुट्टीत मामाकडे आलेली तीन भावंडं होती. थोरली ताई, तेरा वर्षांची. हिच्या डोक्यात सतत काहीतरी बेत शिजत असायचा. मधला बटाटा. त्याला बटाटा का म्हणायचे ते त्याला बघितलं की कळायचं. आणि धाकटी चिमणी, नऊ वर्षांची, जिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. मामाचा खोकी बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या! एकीत छतापर्यंत पुठ्ठ्याच्या थप्प्या, दुसरीत खोक्यांना पिना मारायचं खडखडाटी यंत्र. आणि पहिल्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, काकूंचं टेबल.

काकू म्हणजे नमुने करणाऱ्या काकू. गिऱ्हाइकाने वस्तू आणून द्यायची, काकूंनी ती एकदा हातात घेऊन फिरवायची आणि मापाचं खोकं कापायचं. पट्टीशिवाय! एकदा म्हणे त्यांनी शिंकेच्या मापाचं खोकं केलं होतं आणि शिंक त्यात अगदी चपखल बसली होती. बरं, शिंकेचं राहू द्या. पण केसाइतकाही फरक पडत नसे, हे खरं.

पण मामाला वाटू लागलं होतं की आता नमुने कुणाला हवेत? सगळ्यांना तीच ती चार मापं लागतात. "काकू, पहिल्या तारखेपासून तुम्ही पलीकडे पिना मारायला बसा. हा कोपरा थप्प्यांना लागेल," असं त्याने सांगून टाकलं. काकूंनी कटर पुसून डबीत ठेवला.

बोलली ती ताई. "मामा, काकूंनी असं काही करून दाखवलं की जे यंत्राला सात जन्मांत जमणार नाही, तर?"

"तर कोपरा त्यांचा! पण ते विकलं गेलं पाहिजे हं."

झालं! तिघं आणि काकू कातरणाच्या ढिगाऱ्यात घुसली आणि आठ दिवसांत एक कोडं तयार झालं. तळहाताएवढा पुठ्ठ्याचा ट्रे. त्यात एक चौकोनी हत्ती, पाच लांबट पहारेकरी आणि चार चिमुकले उंदीर. ट्रेला एकच दार. तुकडे उचलायचे नाहीत, नुसते सरकवायचे आणि हत्तीला दारातून बाहेर काढायचं! जागा मोकळी किती? दोन उंदरांएवढी. ताईने सोडवायला दोन दिवस घेतले. बटाट्याने तीन, त्यातला एक रुसण्यात गेला.

प्रत्येक तुकडा सहा थरांचा होता. एका थराच्या रेघा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे तुकडा वाकत नाही. मध्ये चिकटवायची खळ, वर दोन विटा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. "घाई केली की पुठ्ठा रुसतो," काकू म्हणायच्या. "बटाट्यासारखा!" चिमणी म्हणायची.

खेळण्यांच्या मोठ्या दुकानाच्या बाई शनिवारी चार वाजता कोडं बघायला येणार होत्या.

शनिवारी दुपारी दोन वाजता ताईने डबा उघडला आणि किंचाळली, "उंदीर तीनच आहेत!"

"मग काय झालं? एक उंदीर कमी तर कमी," मामा पलीकडून म्हणाला.

बटाट्याने कोडं हातात घेतलं. सरक, सरक, सरक... आणि जांभई देता देता हत्ती बाहेर! "बघ मामा. जागा वाढली की कोडं उरतच नाही. हत्ती काय, मीसुद्धा बाहेर पडेन!"

"दुसरा उंदीर करा की!"

"दोन दिवस वाळायला लागतात," काकू हळूच म्हणाल्या. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग आपल्या टेबलाकडे.

"तपास सुरू!" ताई म्हणाली.

आधी झाडूवाल्या दादांना गाठलं. ते म्हणाले, "मी काकूंच्या टेबलाजवळ झाडू नेत नाही, नुसती फुंकर मारतो! काल संध्याकाळी चारही उंदीर टेबलावर मांडलेले पाहिले मी. काकू मेण आणायला गेल्या होत्या." म्हणजे उंदीर त्यानंतर गेला. कचऱ्याची पिंपं उपसली. पिनांचं यंत्र हलवलं. बटाटा पुठ्ठ्याच्या थप्पीमागे घुसला आणि अडकला. त्याला ओढून काढण्यात दहा मिनिटं गेली.

सव्वातीन वाजले. मामाचा चहा आला.

आता मामाच्या टेबलाबद्दल सांगायला हवं. ते इतकं डुगडुगायचं, इतकं डुगडुगायचं, की एका कपात ओतलेला चहा शेजारच्या कपात उडी मारायचा! मामाच्या शर्टावर चहाचा डाग नाही असा दिवस त्या कारखान्याने पाहिला नव्हता.

चिमणी एकटक बघत राहिली. मग तिने ताईला कोपराने ढोसलं. "ताई, बशी बघ."

"काय बशी?"

"कोरडी आहे! आणि शर्टही स्वच्छ. टेबल डुगडुगत नाहीये!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या कारखान्याची एक खोड होती. टेबल हललं, घाल पुठ्ठा! कपाट झुकलं, घाल पुठ्ठा! पुठ्ठ्याच्या घरात दुसरं काय सापडणार? हाताला लागेल तो तुकडा घ्यायचा, पायाखाली सारायचा आणि विसरून जायचं. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना हीच सवय.

"मामा, जरा उठ ना. टेबलाखाली बघायचंय."

"काही बघायचं नाही! कधी नव्हे ते स्थिर आहे, हात लावाल तर याद राखा!" मामाने दोन्ही कोपरं टेबलावर रोवली.

ताईने क्षणभर विचार केला. मग मोठ्याने म्हणाली, "जाऊ दे रे बटाट्या. मामाला ते टेबल उचलता तरी येतंय का? झाडूवाले दादा एका हाताने उचलतात."

"कोण म्हणतं उचलता येत नाही?" मामा ताडकन उठला. "एका हाताने? हे बघा!" आणि त्याने टेबलाची एक बाजू वीतभर उचलली!

बटाटा पालीसारखा सरपटला. "सापडला! सापडला!"

मामा तसाच उभा. एका हातात टेबल, दुसऱ्या हातात मिशी. "अरेच्चा... काल काकूंच्या टेबलावरून... मला वाटलं कातरण आहे."

"आम्ही त्याला शेपूट काढली होती, मामा!" चिमणी कडाडली.

पण आनंद कसला! उंदीर चांगलाच चेपला होता, बाकीच्यांपेक्षा बुटका झाला होता. बटाटा रडवेला झाला. काकूंनी तो बोटांत धरला, नखाने टकटक वाजवला, ट्रेमध्ये ठेवला आणि सरकवला.

सुळ्ळकन गेला!

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. "हा फुगला नाही, फाटला नाही. लाकडासारखा कडक झालाय! माझ्या दोन विटांना जे जमलं नाही, ते या टेबलाने केलं. सगळेच तुकडे असे दाबले तर?"

घड्याळात साडेतीन. "मामा, चढ टेबलावर!" ताई ओरडली.

"मी?"

"चूक कुणाची?"

मामा चढला. झाडूवाले दादा चढले. पिना मारणाऱ्या दोघी बाया चढल्या. बटाटा तर केव्हाच चढला होता. टेबलाच्या चार पायांखाली चार तुकडे! ताई मोजायची, काकू बदलायच्या. तीन उंदीर झाले, पाच पहारेकरी दोन्ही टोकांनी झाले, हत्तीचे चारही कोपरे झाले. मग तुकडे नीट सरकावेत म्हणून काकूंनी मेणाचं बोट प्रत्येकाच्या पोटावरून फिरवलं. पंचवीस मिनिटांत सगळं! असे हात मी जन्मात पाहिले नाहीत.

ठीक चार वाजता दुकानाच्या बाई आल्या. साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी हत्ती सरकवला. पुन्हा सरकवला. खुर्ची ओढून बसल्या. पाच वाजले तरी उठेनात! चहा गार झाला.

"हे पुठ्ठ्याचं आहे?" अखेर त्या म्हणाल्या. "हाताला बदाम लागावा तसं लागतंय. मला महिन्याला अशी दोनशे कोडी द्या. पण हेच हात हवेत, दुसरे नकोत." आणि त्यांनी काकूंचा हात हातात घेऊन उलटसुलट निरखला. "पुठ्ठा इतका घट्ट दाबता कशाने?"

"खास पद्धत आहे आमची," मामा छाती फुगवून म्हणाला.

"हो, चांगली ऐंशी किलोची!" चिमणी म्हणाली.

मामाने मान खाली घातली. मग खिडकीजवळ आधीच सरकवून ठेवलेल्या थप्प्या त्याने स्वतः उचलून पलीकडच्या खोलीत नेल्या. "काकू, कोपरा तुमचा. आणि पोरांनो, तुमच्यासारखी डोकी माझ्याकडे असती तर मी खोकी नाही, राजवाडे विकले असते!" काकूंनी डबी उघडून कटर बाहेर काढला, तो पुन्हा टेबलावर ठेवला आणि तिघांच्या गालांवरून मेणाचा हात फिरवला.

तर असा हा वेंधळा मामा! हाताला लागेल तो पुठ्ठा उचलायचा आणि पायाखाली सारायचा. कोण होता म्हणता? मला काय ठाऊक! मी काही त्याला ओळखत नाही, मी तर तेव्हा परगावी...

"आजोबा," नात खुर्चीखालून म्हणाली, "थापा मारू नका! माझ्या वहीचं पुठ्ठं तुमच्या खुर्चीच्या पायाखाली आहे. चार घड्या घालून!"