बी न घातलेली बशी

शनिवारी दुपारी श्रेया परळच्या प्रयोगशाळेत गेली, ती फक्त एक यंत्र बंद करायला. निघताना बाबांना म्हणाली होती, "चहाला येतेच."

तिथे ती आणि गौतम डोळ्यांना न दिसणाऱ्या मण्यांवर काम करत. जोडलेल्या मण्यांची छोटीशी माळ बी म्हणून पाण्यात सोडायची, पाणी गरम-गार करत राहायचं. माळेतला प्रत्येक मणी आपल्यासमोर एक सुटा मणी ओढून घ्यायचा, ते सुटे मणी आपसांत जुळायचे आणि पाणी तापलं की हुबेहूब दुसरी माळ सुटून निघायची. जीव असा कशातच नव्हता.

यंत्र बंद करून तिने सहज तुलनेसाठी ठेवलेली बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. त्या बशीत बी घातलंच नव्हतं.

आत माळा होत्या. सगळ्या मध्येच कोपरासारख्या वाकलेल्या. पाणी गार पडलं होतं, तरी नवी माळ सुटत होती.

तिने गौतमला फोन लावला.

"चुकून बी पडलं असेल गं."

"आपलं बी सरळ असतं, गौतम. हे वाकडंय."

"ब्लीच ओत. आणि... बघत बसू नकोस."

तिने ओतलं. हात धुतले. तरी टॅक्सीत ती सारखी तळवे ओढणीला पुसत राहिली.

काळाचौकीला चाळीच्या गॅलरीत बाबा तांदूळ निवडत बसले होते. ताटाच्या कडेला दाण्यांची रांग लागली होती, मध्येच वाकलेली.

"बाबा, हे कशाला मांडलंत?"

"मी खंय मांडलंय, बाय? बोटां आपसूक जातत."

तिने रांग विस्कटली. तेवढ्यात खालचा पोरांचा गलका थांबला. तिने वाकून पाहिलं. चौकात शेजारीपाजारी एकामागे एक उभे होते, रांग लावायचं काहीच कारण नसताना. ओळ मध्येच वाकलेली. कोणी बोलत नव्हतं. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या कौसल्याकाकूंच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती.

बाबा उठून जिन्याकडे निघाले. श्रेयाने त्यांना कवेत धरून मागे ओढलं आणि खाली बोलणी पुन्हा सुरू होईपर्यंत सोडलं नाही.

मग कौसल्याकाकू वर आल्या. "झाला का चहा?" म्हणत आपल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

श्रेयाचा जीव जरा भांड्यात पडला.

जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. कौसल्याकाकू वर आल्या. हातात कोथिंबीर.

"झाला का चहा?"

काकूंनी आपल्या दारावर टकटक केली.

आतून कडी निघाली.