रखमाकाकूचा आवाज

सोनपेठहून परभणीला निघालेल्या एसटीत माझी भाची अपेक्षा एका बड्या नटाच्या तोऱ्याची नक्कल करत होती. मैत्रिणी हसून बेजार झाल्या होत्या. परतीच्या पावसाचे थेंब खिडकीतून आत येत होते आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा खुशाल भिजत होता... काच ओढायचं भानच नव्हतं त्याला.

"तुमचा आवाज द्याल का?" त्यानं विचारलं.

तिनं वळून पाहिलं. "अन् परत कवा देताल?"

"दिलाच न्हाई तर?"

"मग मी काय जल्मभर मुकी राहू?"

"मी हाय की... तुमच्या वाटचं बोलायला."

हा सिद्धोधन. परभणीच्या भीमनगरातला. टीव्हीवरची एक विनोदी कार्टून मालिका तोच लिहायचा, त्यातली चित्रंही तोच काढायचा. किती बारीक नजर पोराची! टीव्हीवर आमची बोली आजवर मोलकरणीच्याच तोंडी ऐकलेली. इथं उलटं होतं. सुपरस्टार चमकेश छापील मराठीत थापा मारायचा, आणि खेड्यातली रखमाकाकू आमच्या बोलीत त्याची हवा काढायची. आता त्या रखमाकाकूला अपेक्षाचा आवाज मिळाला.

त्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग चालायचं.

"इथं रखमाकाकू लाजती," तो सांगायचा.

"कुणाला बघून?"

"लेखकाला... म्हणजे, चमकेशला."

"आधी नक्की ठरवा. मग लाजते."

एक दिवस त्यानं ठरवलं, आणि विचारलं. अपेक्षा म्हणाली, "माझं हो हाय. पण मी पळून यायची न्हाई. घरी ये. दादांसमोर विचार. ते न्हाई म्हणले तर..."

रविवारी संध्याकाळी तो आला. अपेक्षाचे वडील, म्हणजे माझे भाऊ किशनराव, कार्टून बघत बसले होते. मालिकेचा लेखकच घरी आला म्हणून त्यांनी त्याला कौतुकानं शेजारी बसवलं. त्या दिवशीच्या भागात चमकेश कॅमेरे घेऊन एका गरीब वस्तीत जेवायला आला होता. "मी भेदभाव मानत नाही," म्हणत त्यानं मोटारीतून स्वतःचं ताट काढलं, स्वतःचा डबा काढला, पाण्याची बाटलीसुद्धा.

"अन् आमचा माठ काय चावतो का रं बाबा तुला?" रखमाकाकू म्हणाली.

किशनरावांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "कसलं ढोंगी बेणं! लय भारी लिव्हलंस, पोरा!"

तेवढ्यात कमलवहिनी चहा घेऊन आल्या. आम्हाला कपबशा. सिद्धोधनला कागदी पेला.

माझ्या लहानपणी गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. तो कुणासाठी, हे आम्हा पोरांना न सांगता कळायचं. आता कोनाडा गेला, गोठाही गेला...

सिद्धोधननं हसून पेला घेतला. दारातली अपेक्षा मात्र पांढरीफटक पडली. टीव्हीवर चमकेश बाटलीतलं पाणी पीत होता. किशनरावांनी टीव्हीकडं पाहिलं, मग पेल्याकडं. त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"कमल, घरातले कप संपले व्हय?"

"न्हाई... हायत की." वहिनींची मान खाली गेली.

किशनरावांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला. बशी स्वतःकडं ठेवली आणि कप सिद्धोधनपुढं धरला. आमच्याकडं असा अर्धा-अर्धा चहा जिवाभावाच्या माणसाबरोबरच पितात.

"धर. ह्याच्यावर बी एक भाग काढ."

"दादा, तुमच्यावर कसा काढू?"

"काढ की. हसताना दाखव मला. अन् मग गप झालेला बी दाखव."

सिद्धोधननं कप दोन्ही हातांनी घेतला. "दादा, मला एक विचारायचं व्हतं. अपेक्षाला... म्हणजे, आमी दोघं..."

"तिला विचारलंस का?"

"व्हय."

"काय म्हणली?"

साऱ्या महाराष्ट्राला हसवणारा तो आवाज दारातून जेमतेम ऐकू आला, "हो म्हणलेय, दादा."

"मग मला काय विचारायलाय?" म्हणत किशनरावांनी बशी तोंडाला लावली. डोळे मात्र बशीआड लपवले.

सिद्धोधननं अपेक्षाकडं पाहिलं. आणि कुणी लिहून न देताच ती लाजली.

वहिनी कधी आत गेल्या, कळलंच नाही. स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्यांचा, जरा अडखळत...

"पाव्हणं, साखर कितपत घेता?"