पाचव्या सकाळचा आकडा

फोनवरच्या फोटोत खोलीच्या खिडकीतून खारून नदी दिसत होती. प्रत्यक्षात खिडकी उघडतच नव्हती. कौमुदीनं हिसका दिला, तर कडीच हातात आली. गीझरच्या नळाला चिंधी बांधलेली, उशीला कुबट वास, आणि पलंगामागच्या भिंतीवर, फरशीपासून चार बोटं वर, ओलीची आडवी रेघ.

"नदीकाठी ओल येनारच ना दीदी," मॅनेजर देवीदास म्हणाला.

पाच दिवसांचा तर प्रश्न होता. जलशास्त्रात एम.एस्सी. करून ती नागपूरहून पहिल्याच नोकरीवर रायपुरात आली होती. काम सोपं. हॉटेलमागच्या घाटावर, सर्वांत खालच्या पायरीशी मोजपट्टी रोवलेली होती. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला नदीची पातळी वहीत लिहायची. पाचव्या सकाळचा आकडा शेवटचा. आधीचा निरंजन तेवढाच सोडून पळाला, वही पायरीवर टाकून, असं ऑफिसात सगळे हसत सांगायचे.

"तूही पळशील," साहेब म्हणाले होते. "अर्धवट वही आणायची असेल तर येऊच नकोस."

सवयीनं तिनं भिंतीवरच्या रेघेशी पेन्सिलीनं खूण केली आणि शेजारी तारीख घातली.

मे महिना होता. नदी रोज दोन सेंटिमीटर उतरत होती आणि भिंतीवरची रेघ रोज वीतभर चढत होती. विटा पाणी ओढून घेतात, त्यात नवल नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी रेघ त्याच उंचीनं पडद्यावरून गेली. चौथ्या संध्याकाळी आरशावरून.

काच पाणी ओढून घेत नाही.

"वरची खोली घेऊन टाका," देवीदास दारातूनच म्हणाला. त्यानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"निरंजन याच खोलीत होता?"

"हव. त्यालेही मी हेच म्हनलं होतं."

"पाणी मोजायलाच आलेय मी, भैया. इथंच राहीन."

पाचव्या सकाळी तिनं कोरडा कुर्ता घातला. बटणं लावेपर्यंत छातीवर आडवी रेघ उमटली. खाली ओलं, वर कोरडं. ती पलंगावर बसली, तशी रेघ हनुवटीला टेकली. उठली, तर पुन्हा छातीवर. एका निरीक्षणावर भागत नाही म्हणून ती परत बसली.

रेघ आपल्या जागी होती. हलत होती ती कौमुदीच.

घाटाची वरची पायरी खोलीच्या फरशीच्याच पातळीत होती. तिथल्या नळावर हॉटेलची कांताबाई चादरी आपटत होती.

"नदी इतकी जवळ, आणि नळावर धुता?"

"सकाळी खाली नाई उतरत आमी." कांताबाईनं तिच्या कुर्त्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "वरूनच पाहून लिहा ना बाई. कोन पाहते?"

"मी पाहते."

मोजपट्टीवर गाळ बसला होता. हातानं पुसल्याशिवाय आकडा दिसणार नव्हता.

एक पायरी. गारवा खांद्यांवर आला.

दुसरी. ओठांवर.

ऊन चटके देत होतं. समोर नदी पार खाली, दहा पायऱ्या दूर, जलपर्णीखाली निपचित पडली होती. घड्याळात आठला एक मिनिट कमी होतं.

"पळाला म्हणे," ती पुटपुटली. छाती भरून श्वास घेतला आणि तिसरी पायरी उतरली.

चादरींचा आवाज तुटला.

डोळे उघडे ठेवून ती उतरत राहिली. शेवटच्या पायरीवर वाकून गाळ पुसला. एक्केचाळीस. पेन्सिल ओल्या कागदावरही उमटते. तिनं आकडा लिहिला, वेळ लिहिली, खाली सही केली.

वही पुरी झाली होती.

ती वर वळली. तिच्या नाकातून एक बुडबुडा सुटला, उन्हातून सावकाश चढत गेला आणि वर, पहिल्या पायरीच्याही छातीभर वर, फुटला.

मग तिच्या पाठीमागून, जरा खालून, दुसरा निघाला.